रकान्यातलं ‘हो’: दिवाळे गावच्या एका नवख्या रोइंगपटूचं प्रकरण

तरणतलावाच्या उथळ टोकाला पाणी जेमतेम छातीपर्यंत होतं. तिथे नववीतली एक मुलगी कडेचा लोखंडी दांडा दोन्ही हातांनी धरून उभी होती. तिचा अर्ज माझ्या फायलीत होता आणि त्यातल्या ‘पोहता येतं का?’ या रकान्यात ‘हो’ लिहिलेलं होतं. बाकीच्या मुली एकेक करत पलीकडे पोचल्या, ही जागची हलली नाही. काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाली, “मॅडम, पाणी गार आहे.” जुलै होता, पाणी गार होतंच. पण दांड्यावरची तिची बोटं पांढरी पडली होती.

मी नेरूळच्या एका शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते. आम्ही आठवी-नववीच्या मुलामुलींचा छोटा रोइंग संघ सुरू केला, त्याच्या पहिल्या वर्षातली ही हकिगत आहे. मुलगी एक, काळ जून ते फेब्रुवारी, आणि यातल्या दोन मोठ्या चुका माझ्या. रोइंगच्या नावेत खेळाडूंना जागेच्या आकड्याने हाक मारतात. वल्हवणारे नाव जाते त्या दिशेला पाठ करून बसतात. पुढच्या टोकाला एक नंबर, मागच्या टोकाला, जिच्या लयीवर सगळे चालतात ती ‘स्ट्रोक’. ही मुलगी शेवटी तीन नंबरवर स्थिरावली, म्हणून तिला इथेही तीन नंबरच म्हणते.

तीन बाजूंनी खाडी, आणि सराव पुण्याला

पहिला प्रश्न प्रत्येक पालक विचारतो: एवढी खाडी दारात असताना मुलांना पुण्याला कशाला नेता? ठाणे खाडी आणि पनवेल खाडी आमच्या शाळेच्या गच्चीवरून दिसतात. पण शर्यतीची नाव म्हणजे होडी नव्हे. चौघांची नाव साधारण बारा-तेरा मीटर लांब, बसायच्या जागी जेमतेम कंबरेएवढी रुंद, आणि कवच इतकं पातळ की किनाऱ्यावरच्या दगडाला टेकली तरी तडा जातो. आमच्याकडे उधाणाला भरतीचं पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं आणि ओहोटीला तिथेच मैदानाएवढा चिखल उघडा पडतो. सकाळी साडेसहाला नाव सोडली तर आठला ती परत लावायला पाणी असेलच असं नाही. शिवाय ठाणे खाडीचा मोठा पट्टा 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, 2022 मध्ये त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जाही मिळाला. तिथे मुलांची आरडाओरड आणि मागून मोटरची सुरक्षा बोट, हे माझ्या मनालाही पटत नाही.

पुण्यात या खेळाची जुनी मुळं आहेत. अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब मुळा नदीवर 1928 पासून आहे, दापोडीला सैन्याचं रोइंग केंद्र आहे. मी स्वतः कॉलेजात असताना पुण्यातच वल्हं धरलं. त्या ओळखीवर शहराजवळच्या एका जलाशयावर महिन्यातले दोन रविवार आम्हाला नावा मिळाल्या. पहाटे पावणेचारला नेरूळहून बस, उजाडताना खंडाळ्याचा घाट, आणि मागच्या सीटवर झोपलेली नऊ मुलं.

उरलेले दिवस यंत्रावर. बंद पडलेल्या एका जिममधून तीन जुनी कॉन्सेप्ट टू यंत्रं आली, रोइंगवाले त्यांना एर्गो म्हणतात. ती ठेवायला जागा मिळाली जिन्याखाली. त्यांच्या पंख्याचा घरघराट असा, की वरच्या वर्गातल्या गणिताच्या बाईंनी दोनदा मुख्याध्यापकांकडे तक्रार केली. त्यांचं बरोबर होतं. आम्ही वेळ सकाळी पावणेसहाची केली.

या वयात सुरुवात करून काही होतं का, असंही विचारतात. होतं. पोहणं किंवा जिम्नॅस्टिक्सच्या मानाने रोइंग उशिरा सुरू झालं तरी चालतं. चांदवड तालुक्यातल्या दुष्काळी तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ सैन्यात गेल्यावर हा खेळ शिकले. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ते एकेरीत 13वे आले आणि 2018 च्या जाकार्ता-पालेंबांग आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेतून सुवर्ण घेऊन आले. अमेरिकेतल्या हायस्कूल संघांमध्ये पहिल्या वर्षाच्या मुलांना ‘नोव्हिस’ म्हणतात आणि त्यांच्या शर्यती वेगळ्या लावतात, कारण येणाऱ्या बहुतेकांनी आधी वल्ह्याला हातही लावलेला नसतो. ती कल्पना मी उचलली: पहिलं वर्ष फक्त नवख्यांचं, त्यात कुणाला काढायचं नाही. जूनमध्ये सोळा जण आले होते, दिवाळीपर्यंत नऊ उरले. काढलं कुणालाच नाही. पहाटेने आणि क्लासने आपोआप गाळले.

कोळ्याची पोर

तीन नंबर बेलापूरजवळच्या दिवाळे गावातली. आजोबांची होडी आहे, आई बाजारात मासळी विकते. अर्जावर पत्ता वाचला आणि मी मनात पुढचं सगळं परस्पर लिहून टाकलं. खाडीकाठची मुलगी, पाण्याचं काय शिकवायचं तिला!

आजोबा, काका, चुलतभाऊ सगळे पाण्यावर जातात. मुली जात नाहीत. नववीपर्यंत ती आजोबांच्या होडीत एकदाही बसलेली नव्हती, किनाऱ्याला बांधलेल्या होडीतून जाळी उतरवायला चढली असेल तेवढीच. तिला खाडी माहीत होती ती ओहोटीची. चिखलात पोटऱ्यांपर्यंत उतरून निवट्या (चिखलातले छोटे मासे) धरायच्या, कालवं काढायची, पाणी परतायच्या आत वर यायचं. आज उधाण (मोठी भरती) की भांग (लहान भरती), हे ती तिथीवरून कॅलेंडर न बघता सांगायची. मला ते आजही जमत नाही. म्हणजे पाणी कधी येतं हे तिला कुणाहीपेक्षा चांगलं ठाऊक होतं, आणि तिच्या सगळ्या शहाणपणाचा अर्थ एवढाच होता की पाणी आलं की तिथे थांबायचं नाही.

यंत्रावर मात्र तिच्या जवळपास कुणी नव्हतं. बर्फाच्या पेट्या उचलून घडलेली पाठ आणि मांड्या. रोइंगमध्ये जोर मुख्यतः पायांतून येतो, मग पाठ, शेवटी हात, आणि हे तिला सांगावंच लागलं नाही. इतर मुलं यंत्राच्या बाजूचा खटका दहावर नेऊन ओढायची, जास्त आकडा म्हणजे जास्त व्यायाम असं समजून. तो खटका सायकलच्या गिअरसारखा आहे, चारच्या आसपास ठेवला तर पाण्यातल्या नावेसारखा वाटतो. तिने तो चारवर ठेवला आणि ऑगस्टमधल्या 2000 मीटरच्या चाचणीत दर 500 मीटरला सरासरी 2 मिनिटं 19 सेकंद काढले, एकूण 9 मिनिटं 16 सेकंद. तिच्या मागची मुलगी 9:52. चौथ्या क्रमांकावर शाळेच्या लेझीम पथकातली एक किडकिडीत मुलगी, 10:44. चाचणी संपल्यावर तीन नंबर यंत्रावरून घसरून फरशीवर आडवी झाली आणि हसत राहिली. मला वाटलं, मिळाली आपल्याला स्ट्रोक.

पहिली चूक

तरणतलावाची गोष्ट या चाचणीच्या आधीची. आमची अट साधी होती: टी-शर्ट आणि शॉर्ट्स घालून 50 मीटर पोहायचं, मग दोन मिनिटं जागच्या जागी तरंगायचं. नाव उलटली तर माणूस कपड्यांसकट पाण्यात पडतो, म्हणून कपडे. त्या दिवशी संध्याकाळी मी तिच्या आईला भेटायला बाजारात गेले. आई सुरमईचे तुकडे करत होती, हात न थांबवता म्हणाली, “खोटं नाय लिवलं मॅडम. तिच्या आज्याला इचारलं, तो बोलला, कोल्याची पोर हाय, लिव हो.”

आजोबांनी जे केलं तेच मी केलं होतं. त्यांच्याकडे निदान प्रेमाचं निमित्त होतं. मी प्रशिक्षक होते, माझ्यावर बारा-चौदा मुलांच्या जिवाची जबाबदारी होती, आणि एका ‘हो’वर मी तिला जवळपास पाण्यावर नेलं असतं.

पुढचे नऊ आठवडे तिने वेगळं शिकलं. शाळेजवळच्या एका क्लबने सकाळची अर्धी वेळ दिली. अडचण पहिल्याच दिवशी आली. पोहण्याचा पोशाख आईला चालेना आणि सुती कपडे तलावाला चालेनात. शेवटी पूर्ण लांबीची नायलॉनची टाइट्स आणि वर बाह्यांचा स्विमटॉप, हे दोघांनाही मान्य झालं. हा मुद्दा किरकोळ वाटेल, पण आमच्या आणखी दोन मुली याच पायरीवर अडल्या होत्या आणि लाजून बोलल्या नव्हत्या. शिकवणाऱ्या ताईंनी पहिला आठवडा तिला पोहायला लावलंच नाही. तोंड पाण्यात घालून बुडबुडे, मग दांडा धरून पाय, मग पाठीवर तरंगणं. तरंगण्याला सर्वांत जास्त वेळ लागला. ती म्हणायची, पाय खाली गेल्यासारखे वाटतात, खाली काही लागत नाही. चिखलात काही ना काही लागतंच.

सप्टेंबरअखेर तिने 50 मीटर पूर्ण केले आणि दोन मिनिटं तरंगलीही. मी फायलीत खूण केली आणि विषय मिटला असं समजले.

दुसरी चूक, जी पाच रविवार टिकली

ऑक्टोबरच्या मध्यात पहिल्यांदा पाण्यावर गेलो. शिकाऊ मुलांसाठीची चौघींची नाव, प्रत्येकीच्या दोन्ही हातांत एकेक वल्हं, आणि सुकाणू धरायला, म्हणजे कॉक्स म्हणून, आठवीतला एक बुटका मुलगा, ज्याचा आवाज त्याच्या दुप्पट आहे. मी जागा एर्गोच्या आकड्यांवरून लावल्या. तीन नंबर तेव्हा स्ट्रोकला, लेझीमवाली तिच्या मागे.

नाव सुटली आणि दहाव्या वल्ह्याला गोंधळ. मागच्या मुलींचे दांडे पुढच्यांच्या पाठीत बसत होते. स्ट्रोक जोरात ओढायची आणि सरकत्या सीटवरून धावत पुढचं वल्हं घ्यायला जायची. बाकीच्या तिला गाठायच्या नादात आणखी घाई करायच्या.

घाईने नाव का मंदावते, हे यंत्रावर कळत नाही, म्हणून थोडं सविस्तर. शर्यतीच्या नियमात चौघांच्या अशा नावेचं किमान वजन 52 किलो आहे. तिच्यात पन्नास-पन्नास किलोच्या चार मुली, म्हणजे 200 किलो माणसं चौपट हलक्या वस्तूवर पुढेमागे सरकतायत. वल्हं ओढून झाल्यावर त्या मागच्या टोकाकडे सरकतात तेव्हा खालची नाव पुढे पळत असते. त्या हळू सरकल्या तर नावेला पळू देतात. धावत जाऊन थांबल्या तर ते थांबणं पायांतून नावेवर आदळतं आणि ओढून मिळवलेला वेग तिथेच खर्च होतो. मिनिटाला वीस वल्ही म्हणजे एका वल्ह्याला तीन सेकंद: त्यात ओढणं एक, परतणं दोन. जमिनीवर पक्क्या उभ्या यंत्राला आदळण्याची किंमत मोजावी लागत नाही, ते फक्त ओढलेलं मोजतं. तिचे 9:16 खरे होते, पण त्यात निम्मी गोष्टच होती.

मी हा तंत्राचा दोष समजले आणि तंत्राचीच औषधं दिली. फक्त हातांनी वल्हवणं, मग हात आणि पाठ, मग अर्धी सीट. हात बाहेर गेले की थांबणं. पायांचे पट्टे न बांधता वल्हवणं, ज्यात घाई केली की माणूस मागे कलंडतो. जिन्याखाली तासन् तास “एक... दोन-तीन” मोजणं. यंत्रावर तिने ते सगळं नीट केलं. पाण्यावर गेली की पुन्हा तेच. डिसेंबरच्या सुरुवातीला मी तिच्यावर ओरडले, सगळ्यांसमोर, सुरक्षा बोटीतल्या भोंग्यातून. ते आठवलं की अजून वाईट वाटतं.

त्याच दिवशी निदान एक शहाणपणा केला. स्ट्रोक आणि तीन नंबर या दोन जागांची अदलाबदल. बाकी काही बदललं नाही: तोच 500 मीटरचा टप्पा, तीच मिनिटाला वीसची लय. जुन्या रचनेत 2:52, बदलल्यावर 2:43, पुन्हा जुन्या रचनेत 2:51. वारा तसाच होता. यंत्रावर सगळ्यात मागची असलेली लेझीमवाली पुढे बसली आणि नाव नऊ सेकंदांनी पळाली. लेझीमचा ठेका चुकला की आख्खी रांग बिघडते हे तिच्या अंगात आधीच मुरलेलं होतं.

तीन नंबरला हा बदल मानहानीचा वाटेल अशी माझी तयारी होती. ती म्हणाली, “बरं झालं मॅडम. आता पुढे पाठ दिसते. आधी नुसतं पाणी दिसायचं.”

परतीच्या बसमध्ये मी तिच्याशेजारी बसले. लोणावळा जाईपर्यंत ती काही बोलली नाही. मग सांगितलं की वल्हं पाण्यात असतं तेव्हा नाव घट्ट असते. बाहेर काढलं की डुलते. म्हणून लवकर परत पाण्यात घालायचं असतं.

इतकं सोपं होतं ते. आणि शास्त्राला धरूनही होतं: वल्ह्यांची पाती पाण्यात असताना तीच नावेला दोन्हीकडून टेकू देतात, ती हवेत असतात ते दोन सेकंद नाव सर्वांत अस्थिर असते. ती त्या दोन सेकंदांतून पळत होती. चिखलातून वर पळायची तसंच. 50 मीटर पोहता येत होतं, पण नाव उलटल्यावर काय होतं हे तिने फक्त माझ्या तोंडून ऐकलं होतं: पाय बुटांतून काढायचे, नावेला धरून राहायचं, काठाकडे पोहत सुटायचं नाही. शब्दांनी कुणाची भीती जाते?

पुढच्या रविवारी आम्ही तिला मुद्दाम उलटवलं. एकट्याची जुनी, जड नाव, छातीएवढं पाणी, अंगात लाइफ जॅकेट, मी पाण्यात शेजारी. नावेतले बूट तळाच्या फळीला पक्के असतात आणि टाचेला दोरी असते, त्यामुळे चिकटपट्टी ओढली की पाय सुटतो. ते काठावर वीसदा करून घेतलं. मग मी म्हटलं, आता एक वल्हं सोड. ती सोडेना. मिनिटभर तशीच बसली. मग सोडलं, नाव कलली, आणि ती गेली. दोन-तीन सेकंदांत नावेच्या पलीकडून डोकं वर आलं, तोंडात शेवाळ, एक हात नावेवर. पहिला शब्द शिवी होता, कोणती ते लिहीत नाही. दुसऱ्यांदा तिने स्वतःहून सोडलं. चौथ्यांदा बाकीच्या मुली रांगेत उभ्या होत्या.

घाई त्या दिवशी संपली असं नाही. पण जानेवारीत घेतलेल्या चित्रफितीत परतीची सीट दिसण्याइतकी सावकाश झाली होती, आणि तोच 500 मीटरचा टप्पा त्याच लयीत 2:36 ला आला. यात तिचा वाटा किती आणि बाकीच्या तिघी सुधारल्या त्याचा किती, हे वेगळं काढता येत नाही.

क्रम उलटा असायला हवा होता. पोहण्याची चाचणी झाली की लगेच उलटवणं, एर्गोचे आकडे बघण्याच्याही आधी. यंदापासून तसंच करतोय.

हात आणि आईचा प्रश्न

फोडांबद्दल थोडक्यात. नवख्यांचे तळवे पहिल्या महिन्यात फुटतात. हातमोजे घालू नयेत, दांड्याची जाण जाते. फोड धुऊन कोरडे ठेवायचे, घट्टे झाले की आंघोळीनंतर हलके घासायचे. एका मुलीच्या वडिलांनी तळव्याचे फोटो मला रात्री अकराला पाठवले. तीन नंबरच्या आईने मुलीचा हात उलटा करून पाहिला, मग कोयत्याच्या चिरांनी भरलेला स्वतःचा हात शेजारी धरला आणि काही बोलली नाही.

तिचा प्रश्न वेगळा होता: “याचा पुढं उपयोग काय?” मी खरं सांगितलं. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मान्यताप्राप्त स्पर्धांचे मिळतात, आमच्या रविवारच्या शर्यतींचे नाही. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण ते वरच्या पातळीवरच्या कामगिरीवर. तिच्या मुलीला यातलं काहीही मिळेल अशी हमी मी देऊ शकत नव्हते. आईने विचार केला आणि विचारलं, “पण पवायला शिकली ना?” मी हो म्हटलं. या वेळचा ‘हो’ मी स्वतः मोजलेला होता.

फेब्रुवारीत नवख्यांची छोटी शर्यत झाली, 500 मीटर, पाच नावा. आमची चौथी आली. शेवटच्या शंभर मीटरमध्ये दोन नंबरचं पातं वाकडं शिरून पाण्यात अडकलं, रोइंगमध्ये याला खेकडा पकडणं म्हणतात, आणि दांडा तिच्या पोटात बसला. आजोबा टेम्पो करून आले होते. नातीला उलट्या तोंडाने वल्हवताना पाहून त्यांनी मला विचारलं, “कुटं चाललीय ते बघायचं नाय का हिनं?” मी म्हटलं, ते कॉक्स बघतो. त्यांनी आठवीतल्या त्या बुटक्याकडे बराच वेळ संशयाने पाहिलं.

तीन नंबर आता दहावीत आहे. पुण्याचे रविवार बंद, जिन्याखालचं यंत्र आठवड्यातून दोनदा चालू. जूनमध्ये अर्ज नव्याने छापताना ‘पोहता येतं का?’ हा रकाना काढून तिथे ‘शेवटचं कधी, कुठे आणि किती लांब पोहलात?’ असं लिहिलं. एकोणीस अर्ज आले. बहुतेकांनी रिसॉर्टची नावं लिहिली. दिवाळ्याच्याच, तिच्या गल्लीतल्या आठवीतल्या एका मुलीने लिहिलं होतं: ‘पोहले नाही. खाडीत गुडघ्यापर्यंत, निवट्या धरताना.’ अर्ज भरायला तीन नंबर तिच्या शेजारी बसली होती.